विश्लेषण : एका माणसाचे नाव ‘सम्राट’ कसे झाले? ज्युलियस सीझर ते जर्मन ‘कैसर’

ज्युलियस सीझर कधीच सम्राट नव्हता. तरीही जर्मन, डच, स्वीडिश, डॅनिश या भाषांत सम्राटासाठी जो शब्द आहे, तो त्याचेच नाव आहे. राजाच्या नावालाही विटणाऱ्या रोममध्ये हे कसे घडले?

मराठी घरांत ‘सिझर झाले’ हे शब्द रोज कुठे ना कुठे कानावर पडतात. भिंतीवरच्या कॅलेंडरात दरवर्षी जुलै येतो. शाळेच्या इतिहासात पहिल्या महायुद्धाच्या धड्यात जर्मनीचा कैसर भेटतो आणि रशियन राज्यक्रांतीच्या धड्यात झार. या चारही शब्दांचा माग काढत गेले, की आपण दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममध्ये एकाच माणसाच्या दाराशी पोहोचतो. त्याचे नाव गायस ज्युलियस सीझर.

सीझर हे नाव होते की पदवी?

ते साधे कौटुंबिक नाव होते. प्रतिष्ठित रोमन पुरुषाच्या नावाचे सहसा तीन भाग असत : व्यक्तीचे नाव, कुळाचे नाव आणि कुळातील शाखेचे नाव. यात गायस हे त्याचे स्वतःचे नाव, ज्युलियस हे कुळाचे आणि सीझर हे शाखेचे. आपल्याकडच्या हिशेबात सांगायचे तर सीझर हे आडनावाच्या जवळचे. त्याच्या वडिलांचेही नाव गायस ज्युलियस सीझर हेच होते.

सीझरचा जन्म इसवी सनपूर्व १०० मध्ये, आज ज्याला जुलै म्हणतात त्या महिन्यात झाला. ज्युलियस कुळ फार जुने. आपला वंश थेट व्हीनस देवतेपर्यंत पोहोचतो, असे ते सांगत. प्रत्यक्षात त्या काळी घराण्याकडे प्रतिष्ठा होती. सत्ता आणि पैसा मात्र बेताचाच होता.

मग ‘सीझर’चा अर्थ काय?

यावर प्राचीन रोमन लेखकांमध्येही एकमत नव्हते. घराण्यातला पहिला सीझर आईचे पोट कापून जन्माला आला आणि ‘कापणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून नाव पडले, ही एक व्युत्पत्ती. दाट केसांवरून नाव पडले, ही दुसरी. करड्या-निळ्या डोळ्यांवरून, ही तिसरी. पूर्वजाने लढाईत हत्ती मारला आणि हत्तीसाठीच्या आफ्रिकी शब्दावरून नाव मिळाले, ही चौथी. सीझरने आपल्या नाण्यावर हत्ती कोरला होता, हे मात्र खरे.

ज्युलियस सीझर स्वतः शस्त्रक्रियेने जन्मला, ही समजूत टिकत नाही. त्या काळी अशी शस्त्रक्रिया मृत किंवा मरणासन्न स्त्रीवरच होत असे. त्याची आई ऑरेलिया मात्र इसवी सनपूर्व ५४ पर्यंत, म्हणजे मुलगा पन्नाशीकडे झुकेपर्यंत हयात होती. दाट केसांची गोष्ट तर त्याला टोचणारीच ठरली असती. त्याला टक्कल पडत होते आणि ते तो केस पुढे ओढून झाकत असे, असे त्याचे रोमन चरित्रकार सांगतात.

तरुण सीझर कसा होता?

सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याचे वडील वारले. रोममध्ये तेव्हा यादवी चालू होती. सीझरची आत्या ही लोकप्रिय सेनानी मारियसची पत्नी आणि सीझरची पत्नी कॉर्नेलिया ही मारियसच्या साथीदाराची, सिनाची मुलगी. यादवीत विरोधी बाजूचा सुला जिंकला आणि हुकूमशहा झाला. त्याने सीझरला पत्नीशी काडीमोड घ्यायला सांगितले. जेमतेम अठरा वर्षांच्या सीझरने नकार दिला. त्याची मालमत्ता जप्त झाली, त्याला लपून राहावे लागले. नातेवाईकांनी आणि वेस्टा देवीच्या पुजारिणींनी रदबदली केली, तेव्हा कुठे जीव वाचला.

इसवी सनपूर्व ७५ च्या सुमारास चाच्यांनी त्याला समुद्रात पकडले. त्यांनी वीस टॅलेंट खंडणी मागितली, तेव्हा ही रक्कम आपल्या योग्यतेला कमी आहे असे सांगून त्याने ती स्वतःच पन्नासवर नेली, अशी कथा आहे. सुटका झाल्यावर जहाजे जमवून त्याने त्याच चाच्यांना पकडले आणि क्रूसावर चढवले.

पुढे तो एकेक पद चढत गेला. इसवी सनपूर्व ६३ मध्ये तो रोमचा मुख्य धर्माधिकारी झाला. खेळ, मेजवान्या आणि निवडणुका यांपायी त्याच्यावर कर्जाचा डोंगर झाला होता. रोममधला सर्वांत धनाढ्य मानला जाणारा क्रॅसस त्याला जामीन राहिला. इसवी सनपूर्व ६० मध्ये सीझर, क्रॅसस आणि सेनानी पॉम्पी यांनी आपसांत समझोता केला. पॉम्पीने सीझरच्या मुलीशी, ज्युलियाशी विवाह केला. पुढच्या वर्षी सीझर कॉन्सल, म्हणजे प्रजासत्ताकाच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक झाला.

जर्मन टोळ्यांशी त्याची गाठ केव्हा पडली?

कॉन्सलपद संपल्यावर त्याला गॉल, म्हणजे ढोबळमानाने आजचा फ्रान्स आणि लगतचा प्रदेश मिळाला. इसवी सनपूर्व ५८ ते ५० अशी सुमारे आठ वर्षे तो तिथे लढत राहिला. पहिल्याच वर्षी त्याची गाठ ऱ्हाइन नदी ओलांडून गॉलमध्ये स्थिरावलेल्या जर्मन टोळीप्रमुख आरिओविस्टसशी पडली. गंमत म्हणजे आदल्याच वर्षी, सीझर कॉन्सल असताना, रोमन सिनेटने याच आरिओविस्टसला राजा आणि रोमचा मित्र म्हणून मान्यता दिली होती. लढाईत त्याचा पराभव झाला आणि तो ऱ्हाइनपलीकडे पळाला.

इसवी सनपूर्व ५५ मध्ये युसिपेटीस आणि टेंक्टेरी या दोन जर्मन टोळ्या ऱ्हाइन ओलांडून आल्या. वाटाघाटींसाठी आलेल्या त्यांच्या नेत्यांना सीझरने अडकवून ठेवले आणि छावणीवर हल्ला केला. बायका-मुलांसह मोठा संहार झाला. रोममध्ये त्याचा कट्टर विरोधक केटो याने तर, विश्वासघाताबद्दल सीझरलाच त्या टोळ्यांच्या हवाली करावे, अशी मागणी केली. ती कोणी मनावर घेतली नाही. त्याच वर्षी सीझरच्या सैन्याने अवघ्या दहा दिवसांत ऱ्हाइनवर लाकडी पूल उभारला, १८ दिवस पलीकडच्या तीरावर जाळपोळ केली आणि परतताना पूल मोडून टाकला. रोम हवे तेव्हा येऊ शकते, एवढाच त्या पुलाचा निरोप होता.

जर्मन माणसे त्याच्या बाजूनेही लढली. इसवी सनपूर्व ५२ मध्ये अलेशिया येथे गॉल नेता व्हर्सिंजेटोरिक्सचा पाडाव झाला, त्या मोहिमेत सीझरकडे जर्मन घोडदळ होते. गॉल युद्धात दहा लाख माणसे मारली गेली, असा आकडा ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने दिला आहे. तो फुगवलेला असू शकतो, पण विनाशाचे प्रमाण त्यातून कळते.

प्रजासत्ताक कोसळले कसे?

इसवी सनपूर्व ५४ मध्ये ज्युलिया बाळंतपणात वारली, पुढच्या वर्षी क्रॅसस पार्थियन साम्राज्याशी लढताना मारला गेला. सीझर आणि पॉम्पी यांना बांधणारे दुवे तुटले. पॉम्पी सिनेटमधील सीझरविरोधकांच्या जवळ गेला. सीझरने सैन्य विसर्जित करून रोमला यावे, असा हुकूम निघाला. तसे केले असते तर पदाचे संरक्षण संपून त्याच्यावर खटले भरले जाणार होते. इसवी सनपूर्व ४९ च्या जानेवारीत त्याने एका लीजनसह रूबिकॉन ही लहानशी नदी ओलांडली. सेनापतीने सैन्य घेऊन इटलीत शिरू नये, हा नियम मोडला आणि यादवी सुरू झाली.

पुढच्या वर्षी ग्रीसमधील फार्सेलस येथे पॉम्पी हरला. इजिप्तला आश्रयासाठी गेला असता तिथे त्याचा खून झाला. मागोमाग पोहोचलेला सीझर क्लिओपात्राच्या बाजूने तिथल्या वारसायुद्धात उतरला. मग आशिया मायनर, आफ्रिका, स्पेन अशा एकेक आघाड्या त्याने जिंकल्या.

सत्ता हाती आल्यावर त्याने कामाचा सपाटाही लावला. सर्वांत टिकाऊ काम कॅलेंडरचे. जुने रोमन पंचांग ऋतूंपासून महिनोन् महिने सरकले होते. ते ताळ्यावर आणण्यासाठी इसवी सनपूर्व ४६ हे वर्ष ४४५ दिवसांचे करावे लागले आणि पुढच्या १ जानेवारीपासून ३६५ दिवसांचे वर्ष, दर चौथ्या वर्षी एक लीप दिवस अशी पद्धत सुरू झाली. सिनेटची सदस्यसंख्या ९०० पर्यंत गेली. मोफत धान्य मिळवणाऱ्यांची यादी तीन लाख वीस हजारांवरून दीड लाखावर आली.

तो राजा का झाला नाही?

इथे आपल्या शब्दाच्या जन्माचे खरे कारण दडले आहे. रोमनांनी शतकांपूर्वी आपला शेवटचा राजा हाकलून दिला होता. तेव्हापासून ‘रेक्स’, म्हणजे राजा, हा शब्द रोमन राजकारणात शिवीसारखा होता. सत्ता वाटलेली असावी, पदांना मुदत असावी, प्रत्येकावर कोणाचा तरी वचक असावा, हा प्रजासत्ताकाचा गाभा होता.

सीझरने यातील एकही पद रद्द केले नाही. तो ती पदे स्वतःकडे गोळा करत गेला. हुकूमशहा हे संकटकाळासाठी असलेले जास्तीत जास्त सहा महिन्यांचे पद त्याने आधी दहा वर्षांसाठी आणि इसवी सनपूर्व ४४ मध्ये तहहयात घेतले. रोमच्या टांकसाळीतून निघालेल्या नाण्यांवर प्रथमच एका जिवंत रोमन माणसाचा चेहरा आला. त्याचा जन्ममहिना क्विन्टिलिस हा ज्युलियस, म्हणजे आपला जुलै झाला. त्या फेब्रुवारीत एका उत्सवात मार्क अँटनीने त्याच्यापुढे राजचिन्ह असलेली फीत धरली. त्याने ती सर्वांसमक्ष नाकारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण अनेकांचा संशय गेला नाही.

१५ मार्च रोजी, पॉम्पीनेच बांधलेल्या सभागृहात सिनेटची बैठक असताना त्याला घेरण्यात आले. कटात साठहून अधिक जण होते. ब्रूटस आणि कॅसियस हे म्होरके. यादवीत पॉम्पीच्या बाजूने लढूनही सीझरने त्यांना माफी दिली होती. अंगावर २३ वार झाले. त्यांतला एकच प्राणघातक होता, असा निष्कर्ष मृतदेह तपासणाऱ्या वैद्याने काढल्याची नोंद आहे.

मारेकऱ्यांना वाटले, माणूस गेला की प्रजासत्ताक परत येईल. त्यांनी नावाचा विचार केला नव्हता.

नाव पदवी कधी बनले?

मृत्युपत्र उघडले तेव्हा कळले, की सीझरने आपल्या बहिणीच्या नातवाला, अठरा वर्षांच्या गायस ऑक्टेवियसला दत्तक घेतले आहे. त्या पोराकडे ना पद होते, ना अनुभव. होते ते नाव. दत्तकविधानाने तो गायस ज्युलियस सीझर झाला आणि जुन्या सैनिकांना तेवढे पुरले. सीझरला अधिकृतपणे देव घोषित केल्यावर तो देवपुत्रही म्हणवू लागला. क्लिओपात्राला झालेल्या मुलालाही लोक सीझरियन, म्हणजे छोटा सीझर म्हणत. इसवी सनपूर्व ३० मध्ये ऑक्टेवियसने त्याला ठार करवले. या नावाला दुसरा दावेदार नको होता.

इसवी सनपूर्व २७ मध्ये सिनेटने त्याला ऑगस्टस ही उपाधी दिली. आता त्याचे नाव झाले इंपेरेटर सीझर ऑगस्टस. पहिला शब्द विजयी सेनापतीचा, दुसरा घराण्याचा, तिसरा गौरवाचा. त्यांत ‘राजा’ कुठेच नव्हते. राजाचे सगळे अधिकार मात्र होते.

टायबेरियस आणि कॅलिगुला दत्तकामुळे सीझर होते. इसवी सन ४१ मध्ये गादीवर आलेला क्लॉडियस दत्तक नव्हता, तरी त्याने हे नाव घेतले. ६८ मध्ये नीरोबरोबर घराणे संपले. पुढे आलेल्यांचा सीझरच्या घराण्याशी काहीच संबंध नव्हता, तरीही तेही सीझर म्हणवू लागले. इथे आडनावाची पदवी झाली. २९३ मध्ये डायोक्लेशियनने दोन वरिष्ठ सम्राटांना ऑगस्टस आणि त्यांच्या दोन कनिष्ठ सहकाऱ्यांना सीझर म्हणण्याची व्यवस्थाच लावली.

जर्मानिक भाषांत ‘कैसर’ कधी आला?

याचा पुरावा उच्चारात आहे. आपण इंग्रजीमुळे ‘सीझर’ म्हणतो. स्वतः सीझर आपले नाव साधारण ‘काएसार’ असे उच्चारत असे. लॅटिनमधले ते अक्षर त्या काळी नेहमी ‘क’ होते आणि पुढचा स्वर ‘आए’ असा जोडस्वर होता. पुढच्या काही शतकांत जोडस्वराचा ‘ए’ झाला, ‘क’ मऊ पडला. म्हणून इटालियनमध्ये ‘चेझारे’, फ्रेंचमध्ये ‘सेझार’.

जर्मानिक भाषांनी मात्र ‘क’ही जपला आणि ‘ऐ’ही. चौथ्या शतकातील गॉथिक बायबलमध्ये ‘कैसर’ आढळतो. जुन्या जर्मनमध्ये ‘केइसर’, जुन्या नॉर्समध्ये ‘केइसारि’, आजच्या डचमध्ये ‘केइझर’. यावरून अभ्यासक सांगतात, की लॅटिनचा उच्चार बदलण्याआधीच हा शब्द ऱ्हाइन ओलांडून गेला असावा. जर्मानिक भाषांतील सर्वांत जुन्या लॅटिन उसनवारींत त्याची गणना होते. शब्द कधी आला त्यानुसार त्याचे रूप बदलते, हे जर्मनमधल्या दुसऱ्या जोडीतूनही दिसते : लवकर आलेला ‘केलर’ (तळघर) ‘क’ राखून आहे, त्याच कुळातला पण उशिरा आलेला ‘त्सेले’ (कोठडी) बदललेला उच्चार घेऊन आला.

माणसाचे नाव त्यांनी पद म्हणून का घेतले, हेही समजण्यासारखे आहे. पहिल्या सम्राटांचे अंगरक्षक दल जर्मन होते, अनेक जर्मन तरुण रोमन सैन्यात होते, सीमेवर व्यापार चाले. त्यांच्या दृष्टीने ऱ्हाइनपलीकडे जो कोणी राज्य करी, त्याचे नाव दर वेळी सीझरच असे. ज्या टोळ्यांचा त्याने संहार केला, त्यांच्याच भाषाभगिनींनी त्याचे नाव असे जपले.

मग इंग्रजीत ‘एम्परर’ का?

जुन्या इंग्रजीतही ‘कासेरे’ हा शब्द होता. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंच शब्दांचा लोंढा आला आणि तो मागे पडला. ‘एम्परर’ आला तो ‘इंपेरेटर’वरून. म्हणजे ऑगस्टसच्या नावाची युरोपने वाटणी केली : फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश आणि इंग्रजी यांनी पहिला शब्द घेतला, जर्मानिक भाषांनी दुसरा. स्लाव्ह भाषांतील ‘त्सार’, म्हणजे आपला झार, हाही सीझरच. असाच प्रकार पुढे पुन्हा घडला. पोलिश, चेक अशा भाषांत राजासाठी असलेला शब्द शार्लमेनच्या कार्ल या नावावरून आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

इसवी सन ८०० च्या नाताळात शार्लमेनला, ९६२ मध्ये पहिल्या ओटोला रोममध्ये सम्राटपदाचा मुकुट चढवला गेला. ते साम्राज्य १८०६ मध्ये संपले. १८ जानेवारी १८७१ रोजी व्हर्सायच्या राजवाड्यात प्रशियाचा राजा पहिला विल्यम जर्मन कैसर झाला.

भारताचा याच्याशी संबंध काय?

पूर्वेकडे हे नाव ‘कैसर’ म्हणून अरबी-फारसीत रुळले होते. १८७६ च्या कायद्यानंतर व्हिक्टोरिया राणीच्या नव्या पदवीला भारतीय प्रतिशब्द हवा होता. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजचे प्राचार्य जी. डब्ल्यू. लाइटनर यांनी ‘कैसर-ए-हिंद’ सुचवला आणि १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात ती पदवी घोषित झाली. १९०० मध्ये याच नावाचे पदक सुरू झाले. महात्मा गांधींना ते १९१५ मध्ये मिळाले आणि १९२० मध्ये असहकाराच्या वेळी त्यांनी परत केले. केडगावच्या मुक्ती मिशनच्या संस्थापक पंडिता रमाबाई यांनाही १९१९ मध्ये हे पदक मिळाले होते. म्हणून मराठीत एकाच माणसाचे नाव दोन वाटांनी आले : इंग्रजीतून सीझर, फारसी-उर्दूतून कैसर.

शेवटचा ‘सीझर’ कोण?

रशियाचा झार दुसरा निकोलस १५ मार्च १९१७ रोजी पायउतार झाला. सीझरच्या हत्येचीच ही तारीख. रशियात त्या दिवशी मात्र २ मार्च होता, कारण तिथे अजून सीझरचेच कॅलेंडर चालू होते. ९ नोव्हेंबर १९१८ रोजी दुसऱ्या विल्यमच्या पदत्यागाची घोषणा होऊन जर्मन कैसर संपला. बल्गेरियातील झारपद १९४६ मध्ये गेले. आणि २२ जून १९४८ रोजी सहाव्या जॉर्जने भारताचा सम्राट ही पदवी औपचारिकरीत्या सोडली, तेव्हा कैसर-ए-हिंदही संपला.

‘राजा’ हा शब्द रोमने शतकानुशतके दाराबाहेर ठेवला होता. तहहयात, न विचारता येणारी सत्ता आली ती दुसऱ्याच नावाने, जुनी पदे आणि जुनी सभागृहे तशीच ठेवून. ते नाव पुसायला जवळजवळ दोन हजार वर्षे लागली.